घाटात काटा वर जातो म्हणून गाडी मोडीत काढू नका

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. २००९ ची अल्टो, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ९४ हजार किलोमीटर झालेत. खानापूर-बेळगाव रोजच्या ये-जा मध्ये काही त्रास नाही. पण गोव्याहून परत येताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. एक मेस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, दुसरा म्हणतो इंजिन संपलं, विकून मोकळे व्हा.

दोघांचंही ऐकू नका. हे इंजिन ९४ हजारांत संपत नाही. आमच्या तालुक्यात दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या, अजून रोज पळणाऱ्या अशा गाड्या मी बघतो. आणि ज्या अकाली बसल्या, त्यातल्या बहुतेकांचं कारण मी जवळून बघितलंय ते रेडिएटरमधल्या पाण्याचंच होतं. ऑईलचा नंबर त्यानंतर.

माझंच सांगतो. माझ्या गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सील) याच घाटात गेलं, मे महिन्यात, मागे आई आणि मुलं बसलेली असताना. बेळगावच्या उद्यमबागेत हेड उघडलं तेव्हा आतल्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या झालेल्या होत्या. गिझरच्या कॉईलवर जसा थर बसतो ना, तसाच. नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. चार वर्षं मी घरच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत होतो आणि सर्व्हिसिंग करणाऱ्यानेही कधी हटकलं नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार तापले की धातूवर बसतात, मग उष्णता पाण्यात उतरतच नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते जास्त तापलं की वाकतं आणि गॅस्केट उडतं. हेडचं फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, नवीन गॅस्केट घातलं, त्यानंतर ती गाडी आणखी ६० हजार किलोमीटर चालली.

थर्मोस्टॅटबद्दल. तो झडपेसारखा असतो, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. काढून टाकला तर इंजिन बराच वेळ थंडच राहतं. इंजिनच्या कंप्युटरला वाटतं गाडी आत्ताच चालू केलीय, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, आणि ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली उतरतं. थोडक्या अंतराच्या फेऱ्यांना तर हे फारच वाईट. थर्मोस्टॅट अडकलाय असं वाटलं तर नवा घाला, जागा रिकामी ठेवू नका.

आता तपासायचं कसं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढा. (गरम असताना चुकूनही नको. वाफ तोंडावर येते, हात भाजलेली माणसं मी बघितलीत.) पाणी तांबूस आहे का, काठापर्यंत आहे का, ते बघा. कॅपच्या आतला रबर चिरला असेल तर कॅपच बदला. ही छोटी वस्तू फार मोठं काम करते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. कॅपने दाब धरला की तोच बिंदू ढोबळमानाने २० अंशांनी वर जातो. रबर गेला की दाब गेला, आणि चढावर पाणी उकळून रिझर्व्ह बाटलीतून बाहेर पडतं.

मग कॅप उघडी ठेवूनच गाडी चालू करा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच सारखे बुडबुडे येत असतील, किंवा कॅप लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) दगडासारखा घट्ट होत असेल, तर गॅस्केटमधून सिलिंडरचा दाब पाण्यात येतोय. ऑईलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला तर लगेच घाबरू नका. खानापूरच्या पावसात थोडक्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो. डिपस्टिकवरचं (ऑईल मोजायच्या पट्टीवरचं) ऑईलसुद्धा दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

हे सगळं ठीक निघालं तर रेडिएटरकडे बघा. पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची जाळी), मागे रेडिएटर, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत आपल्याकडची लाल माती, किडे, गळीत हंगामात ट्रॉलीमागून जाताना उडणारं उसाचं पाचट, सगळं दाबून बसतं. पुढून बघितलं तर स्वच्छच दिसतं. दोन्ही थोडे सैल करून मागच्या बाजूने हलक्या धारेचं पाणी मारा. जोरदार प्रेशरने जाळी वाकते. चढावर गाडी हळू असते, वारा लागत नाही, सगळा भार फॅनवर येतो. म्हणून उभ्या गाडीत काटा मध्यावर आल्यावर फॅन लागतो का हेही बघा.

पुन्हा भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. आधी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा, हवा काढा.

ऑईल या इंजिनात जेमतेम तीन लिटरच्या आसपास असतं, म्हणून अर्धा लिटर कमी झालं तरी मोठा वाटा गेला. पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक बघा. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपा वेळेवर उघडवणारा रबरी पट्टा) आहे, चेन नाही. नंतरच्या अल्टो के-१० मध्ये चेन आली. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. रबर किलोमीटरने झिजतो तसा वयानेही संपतो. तो तुटला की गाडी जिथल्या तिथे बंद, आणि कणकुंबीच्या अलीकडे पावसात रात्री थांबणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बेल्ट उघडलाच तर वॉटर पंपला गळती आहे का तेही बघून घ्या.

तोवर घाटात जावंच लागलं तर एसी बंद, दुसरा गिअर, आणि काटा वर जाऊ लागला की हीटर फुल्ल करून काचा खाली. हीटरची जाळी म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. तरी काटा लालकडे गेला तर कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास बॉनेटला हात लावू नका.

रविवारी सकाळी कॅप, होज आणि फॅन एवढं बघून इथं कळवा. बुडबुडे आले का ते नक्की लिहा, त्यावरून हेड उघडायचं की नाही ते सांगतो.