पहिली कादंबरी, एजंट आणि प्रकाशक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऊसतोड कामगारांच्या जगण्यावर मी कादंबरी लिहिली आहे, सुमारे ९० हजार शब्दांची. आजवर एकही पुस्तक नाही. इंग्रजीत लेखकांना एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा मध्यस्थ असतो, असं वाचतो. अंबाजोगाईत राहून मला तो कसा मिळेल?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मराठी कादंबरीसाठी एजंट शोधण्यात वर्ष घालवू नका. मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो आणि प्रकाशकही तशीच अपेक्षा ठेवतो. यामागे साधा हिशेब आहे. समजा पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत ३०० रुपये आणि मानधन छापील किमतीच्या १० टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तरी लेखकाला मिळणार ३०,००० रुपये. एजंटचा रूढ वाटा १५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये. त्यासाठी कोण वर्ष-दोन वर्षं पुस्तकामागे फिरणार? शिवाय आता बऱ्याच आवृत्त्या ५०० प्रतींच्या किंवा त्याहून लहान असतात.

दिल्लीची रायटर्स साइड, जयपूरची सियाही अशा एजंट-संस्था मुख्यतः इंग्रजीत काम करतात. त्यांची गरज पडू शकते ती तुमची कादंबरी इंग्रजीत न्यायची झाली तर. तेव्हा चांगल्या अनुवादकाकडून तीस-चाळीस पानांचा नमुना करून घ्यावा लागतो आणि अनुवादकाशी लेखी करार आधी करावा लागतो. आधी पुस्तक मराठीत येऊ द्या.

सध्या करायचं काम वेगळं आहे. तालुक्याच्या वाचनालयात बसून गेल्या तीन वर्षांत आलेल्या, तुमच्या जातकुळीच्या दहा कादंबऱ्या काढा आणि प्रकाशकांची नावं टिपा. जो फक्त स्पर्धा परीक्षेची किंवा पाककृतींची पुस्तकं काढतो, त्याच्याकडे चांगली कादंबरीही पडून राहते. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन इथे प्रकाशक स्वतः भेटतात. तिथे हस्तलिखित हातात कोंबू नका. कुणाच्या नावे आणि कसं पाठवायचं तेवढं विचारा. कादंबरीतला स्वतंत्र वाचता येईल असा तुकडा दिवाळी अंकांना मे-जूनपर्यंत पाठवा. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकांचाही विचार करा. असं काही छापून आल्याचा उल्लेख प्रकाशकाला लिहायच्या पत्रात असला की संपादक पुढचं पान उलटतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळाचं आवाहन निघालं की त्यातल्या अटी वाचून हस्तलिखित पाठवा.

प्रश्न : एकाने स्वतःला साहित्य एजंट म्हणवून कादंबरी वाचायचे ५,००० आणि ‘प्रकाशकाशी बोलणी’ करायचे ३०,००० रुपये मागितले आहेत. द्यावेत का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर तुमच्या मानधनातून टक्केवारी घेतो; वाचनाचे पैसे आगाऊ घेत नाही. पदरचे पैसे घालूनच पुस्तक काढायचं ठरवलं असेल तर मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद-छपाई यांचं वेगवेगळं दरपत्रक थेट मुद्रकाकडून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे वेगळे पैसे कुणी लावले तर तिथेच थांबा. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो विनाशुल्क देते आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो.

प्रश्न : प्रकाशकाला नेमकं काय पाठवायचं? तीन ठिकाणी पूर्ण कादंबरी पाठवली, कुणाची पोचही नाही.
— एक वाचक, परभणी

उत्तर : न विचारता आलेली ४०० पानांची फाइल बहुधा उघडलीच जात नाही. चार गोष्टी पाठवा : एक पानाचं पत्र, दीड-दोन पानांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं (पन्नास पानांच्या आत) आणि पाच ओळींचा परिचय.

पत्रात कादंबरी कुणाची गोष्ट सांगते, ती कुठे आणि कधी घडते, त्या माणसापुढे काय पेच आहे, शब्दसंख्या किती आणि हाच प्रकाशक का निवडला, एवढंच असावं. ‘समाजाला दिशा देणारी’ वगैरे विशेषणं काढा. सारांशात शेवट सांगा. बरेच जण उत्सुकता टिकावी म्हणून तो लपवतात. पण कथानक शेवटपर्यंत टिकतं का, हेच संपादकाला पाहायचं असतं.

फाइलचा घोळ फार होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडतो. कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर केलं तर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या हमखास बिघडतात, म्हणून नंतर ओळ न् ओळ वाचावी लागते. वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा. पानांना क्रमांक आणि प्रत्येक पानावर कादंबरीचं नाव हवं.

बोलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं. संवादातली परभणीची बोली प्रमाण करू नका. ती तुमच्या लेखनाची ताकद आहे. मात्र एकच पात्र एका प्रकरणात ‘करायलो’ आणि दुसऱ्यात ‘करूलालो’ म्हणत असेल, तर संपादकाला ते दुर्लक्ष वाटतं. पात्रागणिक रूपांची वही ठेवा.

तीन महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र लिहा. तरीही उत्तर नसेल तर नकार समजून पुढच्याकडे जा. एकाच वेळी अनेकांकडे पाठवत असाल तर पत्रात तसं नमूद करा.

प्रश्न : प्रकाशक तयार आहे, पण ‘करार कशाला, आपली ओळख आहे’ म्हणतो. काय करावं?
— एक वाचक, कळंब (धाराशिव)

उत्तर : ओळख असली तरी करार लेखीच हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशीच वैध ठरतं. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभरात ते वापरत नसेल, तर करारात वेगळं काही नसल्यास ते परत येतात. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमचे’ ही ओळ दिसली तर सही करू नका. द्यायचा तो मराठी छापील आवृत्तीचा हक्क. ई-बुक आणि ऑडिओचे हक्कही दिले, तर त्यांचे दर वेगळे लिहून घ्या. अनुवाद, चित्रपट आणि वेबमालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवा. मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या निव्वळ रकमेवर, हे स्पष्ट लिहा. प्रकाशक विक्रेत्याला मोठी सूट देतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांत बराच फरक पडतो. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब, लेखकाला किती प्रती मोफत आणि साठा संपल्यावर किती महिन्यांत पुनर्मुद्रण, हेही त्याच कागदावर येऊ द्या.