वर्गातल्या झेरॉक्सला मुभा आहे, विक्रीच्या पुस्तकाला नाही

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका कला महाविद्यालयात मराठी शिकवते. तृतीय वर्षाच्या पेपरसाठी वेगवेगळ्या संग्रहांतल्या सहा कथांच्या झेरॉक्स मुलांना देते. त्यांत चेखवच्या एका कथेचा मराठी अनुवादही आहे. आता महाविद्यालय या कथांचे पुस्तक छापून १५० रुपयांना विकणार आहे आणि पीडीएफ संकेतस्थळावर टाकणार आहे. एका प्रकाशकाचा फोन आला, ‘झेरॉक्सचेही पैसे भरा, नाहीतर केस करू.’ प्राचार्य म्हणतात, शिक्षणासाठी सगळे चालते. मी काय करू?

उत्तर : मॅडम, आधी मनातली भीती काढून टाका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (आय) नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला, तो याच मुद्द्यावर. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले की, पाने किती यापेक्षा शिकवण्यासाठी तेवढ्या मजकुराची गरज होती का, हे पाहायचे. प्रती दुकानदाराने काढल्या म्हणूनही बिघडत नाही. पुढे प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण त्याचे वजन मोठे आहे. मात्र अख्खा कथासंग्रह झेरॉक्स करून वाटू नका. तो प्रश्न त्या निकालाने मिटलेला नाही.

प्राचार्यांचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. किंमत लावून विकायचे पुस्तक म्हणजे प्रकाशन, आणि संकेतस्थळावरची पीडीएफ कोणीही उतरवून घेऊ शकतो. या दोन्हींना वर्गाची सवलत लागू होईल, असे मी तुम्हाला सांगणार नाही. शैक्षणिक संकलनासाठी वेगळी तरतूद आहे, पण त्यातला बहुतांश मजकूर कॉपीराइटमुक्त असावा लागतो आणि घ्यायचे ते छोटे उतारे. तुमच्या पुस्तकात पूर्ण कथा आहेत. तेव्हा परवानगी घ्यावीच लागेल.

ती कोणाकडून घ्यायची, इथे बहुतेक जण चुकतात. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून खुले झाले. चेखव १९०४ साली वारला, त्याच्या मूळ कथेची चिंता नको. पण अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. अनुवादक किंवा त्याचे वारस शोधावेच लागतील. फोन करणाऱ्या प्रकाशकाला आधी लेखकाशी झालेला करार दाखवायला सांगा. मराठीत एका आवृत्तीपुरतेच हक्क दिल्याचे करार पुष्कळ असतात, आणि आवृत्ती संपल्यावर प्रकाशकाच्या हातात काही उरत नाही. अशा वेळी परवानगी वारसांची, आणि वारस तीन असतील तर तिघांचीही सही हवी.

पत्र महाविद्यालयाच्या नावाने, प्राचार्यांच्या सहीने जाऊ द्या; छपाईचा निर्णय संस्थेचा आहे, त्याचा भार तुम्ही एकटीने उचलू नये. कथेचे नाव, मूळ पुस्तक व आवृत्तीचे वर्ष, किती प्रती, कोणता अभ्यासक्रम, किंमत, परवानगी किती वर्षांसाठी आणि ती छापील पुस्तकापुरती की पीडीएफसाठीही, हे सगळे त्यात लिहा. मानधन काय देणार तेही सांगा. लेखकाचे घर त्याच्या एखाद्या कथेवर चालत नसेल, पण विचारले जाणे हा त्याचा हक्क आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. तोंडी होकारावर छपाईला जाऊ नका, कायद्याला लेखी परवाना लागतो. उत्तरच आले नाही तर तो नकार समजा.

प्रकाशकाशी यापुढे फोनवर बोलू नका. त्यांची मागणी लेखी मागवा आणि ती आल्याशिवाय झेरॉक्सपोटी एक रुपयाही भरू नका. ज्या कथेची परवानगी मिळणार नाही ती पुस्तकातून वगळा आणि पूर्वीसारखी वर्गात शिकवा.