पोर्ट सईद हाती आलं, पण मूठ उघडी पडली

तुमचा प्रश्न असा आहे: महासत्तेकडे एवढं सैन्य आणि एवढा पैसा असताना जगाच्या एका कोपऱ्यातलं युद्ध तिचं जगभरचं वर्चस्व कसं कमी करू शकतं? लहान देशासमोर ती हरत तर नाही ना?

बऱ्याचदा हरत नाही, हे खरं आहे. म्हणूनच मला १९५६चं सुएझ प्रकरण, म्हणजे इजिप्तमधल्या सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने केलेलं युद्ध, या प्रश्नासाठी सगळ्यात उपयोगी वाटतं. ब्रिटन तिथे रणांगणावर हरलं नाही. छत्रीधारी सैनिक उतरले, कालव्याच्या तोंडावरचं पोर्ट सईद हे बंदर हाती आलं, ब्रिटिश सैनिक मेले ते अगदी मोजके. (इजिप्तच्या लोकांनी मात्र जबर किंमत मोजली, त्या एका शहरात शेकडो माणसं गेली.) आणि तरी नऊ आठवड्यांत ब्रिटनच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. माझी नोकरी एका बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. त्यामुळे असेल, पण हे प्रकरण वाचताना माझं लक्ष नकाशापेक्षा हिशेबाच्या वहीकडे जातं. माझ्या मते खरी लढाई तिथेच झाली.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या महायुद्धानंतरचं ब्रिटन ही अशीच झाकलेली मूठ होती. युद्ध संपलं तेव्हा एकट्या भारताचंच ब्रिटनकडे सुमारे १३० कोटी पौंडांचं येणं होतं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, ४.०३ डॉलरचा पौंड २.८० डॉलरवर आला. पण बाहेरून पाहिलं तर पसारा तसाच होता. एडनला तळ, सिंगापूरला तळ, आखातातल्या शेखांशी संरक्षणाचे करार, बगदादमध्ये मर्जीतलं सरकार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राष्ट्रकुलातले कितीतरी देश आपली गंगाजळी पौंडात, लंडनमध्ये ठेवत होते. दुसऱ्याच्या पेढीवर आपण पैसे ठेवतो ते तिच्या तिजोरीत डोकावून ठेवत नाही. पेढी बुडणार नाही असा विश्वास असतो, म्हणून ठेवतो. ब्रिटनची सत्ता त्या काळात बरीचशी या विश्वासावर उभी होती.

आता घटनाक्रम थोडक्यात. नाईलवर आस्वानचं मोठं धरण बांधायला अमेरिका आणि ब्रिटन पैसा देणार होते. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सोव्हिएत गटाकडून शस्त्रं घेतली, कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली, आणि १९ जुलै १९५६ला अमेरिकेने हात आखडता घेतला. ब्रिटनही मागे सरलं. आठवड्याभरात, २६ जुलैला, नासर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत सुएझ कालवा कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. भाषणात त्यांनी कालवा खोदणाऱ्या द लेसेप्सचं नाव घेतलं, तो त्यांच्या माणसांसाठी ठरलेला इशारा होता. भाषण चालू असतानाच कंपनीची कार्यालयं ताब्यात गेली.

लंडनमध्ये एकच सूर होता: इजिप्तच्या लोकांना कालवा चालवता येणार नाही. सप्टेंबरच्या मध्यात परदेशी पायलट, म्हणजे जहाजांना कालव्यातून वाट काढून देणारे, काम सोडून निघून गेले. तरी वाहतूक थांबली नाही. उरलेल्या आणि नव्याने घेतलेल्या पायलटांनी जादा तास काम करून जहाजांचे तांडे पार केले. इथे ब्रिटनला थांबता आलं असतं. भागधारकांना भरपाई द्यायला नासर तयार होते, लंडनच्या परिषदेत भारतासकट काही देश मधला मार्ग सुचवत होते. पण पंतप्रधान ईडन यांना नासर म्हणजे दुसरा मुसोलिनी वाटत होता, आणि युद्धासाठी सगळ्यात उतावीळ होते अर्थमंत्री मॅकमिलन. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

ऑक्टोबरच्या २२ ते २४ तारखांना पॅरिसजवळच्या सेव्हरमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलचा गुप्त करार झाला. इस्रायलने सिनाईवर हल्ला करायचा, आणि मग ब्रिटन-फ्रान्सने दोघांची भांडणं सोडवायला आल्याचा आव आणून कालवा ताब्यात घ्यायचा. तसंच झालं. २९ ऑक्टोबरला हल्ला, ३०ला निर्वाणीचा इशारा: दोन्ही बाजूंनी कालव्यापासून दहा मैल मागे जावं. गंमत बाजूला ठेवा, पण नकाशा उघडून बघाच. इस्रायलचं सैन्य तेव्हा कालव्यापासून बरंच पूर्वेला होतं. म्हणजे हल्ला करणाऱ्याला पुढे यायची मुभा, आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याने स्वतःच्याच कालव्यावरून मागे हटायचं. हा बनाव कोणालाही पटला नाही. अमेरिकेला तर अंधारातच ठेवलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रसंधीच्या ठरावाच्या बाजूने ६४ मतं पडली, विरोधात फक्त पाच: हे तिघे, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड.

आता वहीकडे येऊ. पौंडाचा दर २.८० डॉलरवर बांधलेला. तो टिकवायचा तर बाजारात कोणी पौंड विकला की बँक ऑफ इंग्लंडने आपले डॉलर देऊन तो विकत घ्यायचा. डॉलर आणि सोन्याची गंगाजळी २०० कोटी डॉलरच्या खाली गेली की धोका, अशी एक रेघ सगळ्यांच्या मनात होती. सप्टेंबरात ५.७ कोटी डॉलर गेले. ऑक्टोबरात ८.४ कोटी. नोव्हेंबर या एका महिन्यात २७.९ कोटी, आणि ती रेघ ओलांडली गेली. हे पौंड शत्रू विकत नव्हता. ज्यांचे पैसे लंडनमध्ये होते, ज्यांना लंडनकडून पुढे येणं होतं, असे लोक विकत होते. १९४९चा चटका सगळ्यांना आठवत होता. दर पुन्हा उतरला तर आपली शिल्लक रातोरात घटेल, मग आत्ताच बाहेर पडलेलं काय वाईट, हा साधा विचार. मी माझ्या नोकरीत हे लहान प्रमाणावर पाहिलं आहे. एखाद्या चलनाबद्दल शंका आली की कोणी भाषण करत नाही, जो तो गुपचूप आपलं येणं लवकर मागतो आणि देणं लांबवतो. एवढ्यानेच गंगाजळी आटायला लागते.

अशा वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायचं असतं, आणि तिथे अमेरिकेच्या होकाराशिवाय काही हलत नव्हतं. फ्रान्सने स्वतःची सोय ऑक्टोबरातच करून ठेवली होती, ब्रिटनने केली नव्हती. हे मला आजही चकित करतं, कारण खजिन्याची किल्ली ज्या मॅकमिलनकडे होती तेच युद्धाचे पुरस्कर्ते होते. अमेरिकेने सांगितलं: आधी शस्त्रसंधी, मग सैन्य माघारी, मग पैसे. ६ नोव्हेंबरला समुद्रमार्गे आलेलं सैन्य पोर्ट सईदला उतरलं, त्याच सकाळी मंत्रिमंडळासमोर मॅकमिलन यांनी थांबायला हवं असं सांगितलं. त्याच मध्यरात्री शस्त्रसंधी झाली. सैन्याची पुढची तुकडी तेव्हा कालव्याच्या काठाने अल कॅपपर्यंत, जेमतेम ३७ किलोमीटर पोहोचली होती.

तेलाचं तर आणखी वाईट. कालवा खुला ठेवण्यासाठी म्हणून युद्ध पुकारलं, आणि युद्ध सुरू होताच नासर यांनी जहाजं बुडवून कालवाच बंद केला. सीरियात तेलवाहिनीची पंपिंग केंद्रं उडवली गेली. सौदी अरेबियाने ब्रिटन-फ्रान्सचं तेल तोडलं. आता तेल अमेरिकेकडून आणायचं, तेही डॉलर मोजून, आणि डॉलर तर वाहून चालले होते. १७ डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. माघारीचं वचन पक्कं झाल्यावर नाणेनिधीने ५६ कोटी डॉलर दिले आणि राखीव रक्कम धरून १३० कोटींची सोय करून दिली, तोवरची सर्वांत मोठी. डिसेंबर संपण्याआधी सैन्य परत गेलं. ९ जानेवारी १९५७ला ईडन यांनी राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी आले मॅकमिलन.

तुम्ही म्हणाल, ब्रिटन तर आधीच खंगलेलं होतं, १९४७ मध्ये भारतच गेला होता, मग सुएझने वेगळं काय केलं? आक्षेप बरोबर आहे. सुएझमुळे ब्रिटन गरीब झालं नाही. त्याने फक्त सगळ्यांसमोर मूठ उघडली. वॉशिंग्टनच्या परवानगीशिवाय लंडन आठवडाभराचं युद्धही लढू शकत नाही, हे आता ज्याला बघायचं त्याने बघितलं. बगदादमध्ये इराकचे अनेकदा पंतप्रधान झालेले नुरी अल-सईद यांनी सगळी गुंतवणूक ब्रिटिश मैत्रीत केली होती. जुलै १९५८च्या क्रांतीत राजा आणि ते दोघेही मारले गेले. फ्रान्सने उलटा धडा घेतला की अमेरिकेवर विसंबायचं नाही, आणि १९६० मध्ये स्वतःचा अणुबॉम्ब फोडला. १९६७ मध्ये पौंड पुन्हा उतरला, २.४० वर आला, आणि दोनच महिन्यांत ब्रिटनने जाहीर केलं की सुएझच्या पूर्वेचे तळ १९७१ अखेर सोडणार.

आपल्या गोव्याशीही याचा एक धागा जुळतो. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालने ब्रिटनला १३७३ पासूनच्या मैत्रीची आठवण करून दिली. ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या भारताविरुद्ध उभं राहायला नकार दिला. पोर्तुगीज युद्धनौकांना गोव्याकडे यायचं तर जवळची वाट सुएझची, आणि ती वाट आता नासर यांच्या हातात होती. त्यांनी ती दिली नाही. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यात शौर्य आणि तयारी भारतीय सैन्याची, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं गोमंतकीयांच्या लढ्याची, यात शंका नाही. पण पाच वर्षांपूर्वी कालव्याचा निकाल उलटा लागला असता तर त्या जहाजांना कोणी अडवलं असतं, हा विचार माझ्या मनात येतो.

मराठी वाचकाला इथे औरंगजेब आठवल्याशिवाय राहणार नाही. तोही किल्ल्यामागून किल्ला जिंकत होता. दख्खनमध्ये त्याची पंचवीस वर्षं गेली, सरदारांना द्यायला कसदार जहागिरी उरल्या नाहीत, उत्तरेचा वसूल इकडे जिरत राहिला, आणि १७०७ मध्ये नगरजवळ तो मेला तेव्हा घेतलेले किल्ले पुन्हा मराठ्यांकडे यायला लागलेही होते. पण त्याचं युद्ध ही झीज होती, सुएझ हा एका आठवड्यातला उलगडा होता. दोन्ही वाटांनी सत्ता जाते.

मग प्रत्येक महासत्ता अशी कोसळते का? नाही. सुएझमध्ये ब्रिटनचं सांडलं त्यापेक्षा व्हिएतनाममध्ये अमेरिकेचं कितीतरी जास्त रक्त सांडलं. युद्धाचा आणि घरच्या योजनांचा खर्च एकदम आल्याने जगभर डॉलर साचले, लोक ३५ डॉलरला एक औंस या ठरलेल्या दराने सोनं मागायला लागले, आणि १५ ऑगस्ट १९७१ला निक्सन यांनी सोन्याची खिडकीच बंद केली. शब्द मोडला, पत उतरली. तरी अमेरिकेची जागा गेली नाही. मला याचं कारण एकच दिसतं: १९५६ मध्ये ब्रिटनच्या वर एक मोठा सावकार बसला होता. १९७१ मध्ये अमेरिकेच्या वर कोणीच नव्हतं. डॉलर सोडून जायचं तर कुठे जायचं, याचं उत्तर जगाकडे नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नामागे आजची अमेरिका असेल, तर मी किती रणगाडे पाठवले हे मोजत बसणार नाही. तिचे रोखे कोण विकतंय आणि विकून काय घेतंय, मित्रदेश मतदानाच्या वेळी कुठे बसतात, आणि ज्या समुद्री वाटा ती खुल्या ठेवते असं म्हणते त्या खरंच खुल्या राहतात का, हे मी बघेन. शेवटच्या मुद्द्याचा नमुना नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी २०२४च्या हंगामात अनुभवला आहे. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे सुएझकडे जाणारा तांबडा समुद्र धोक्याचा झाला, अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मित्रदेशांना घेऊन नौदलाची मोहीम काढली, तरी बड्या जहाज कंपन्या परत आल्या नाहीत. युरोपला निघालेले द्राक्षांचे कंटेनर न्हावा-शेवाहून आफ्रिकेला वळसा घालून गेले, भाडं वाढलं, आणि नाशवंत माल दोन आठवडे जास्त समुद्रात राहिला.