सोसायटीच्या बारा वर्षांखालच्या फुटबॉल संघाचा कोच झालोय (पुणे). लीगच्या सामन्यात कोचने कोणते नियम पाळायचे?

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की 2019 पासून कार्ड कोचलाही दाखवतात. पंचांच्या निर्णयावर हुज्जत घातली किंवा बाकाभोवतीची आखलेली हद्द सतत ओलांडली की पिवळं, म्हणजे ताकीद. जाब विचारायला मैदानात शिरलात तर थेट लाल, म्हणजे सामन्यातून बाहेर. बाकावरून कुणी शिवी हासडली आणि कोण ते पंचांना कळलं नाही, तर कार्ड तिथल्या सर्वात वरिष्ठ कोचला! म्हणून पालकांना बाकापाशी फिरकू देऊ नका. सूचनाही एका वेळी एकानेच द्यायच्या.

सामन्याआधी प्रत्येक पोराचे शिनगार्ड (नडगीला मार लागू नये म्हणून लावायच्या पट्ट्या) मोज्यांखाली आहेत ना बघा. कानातली बाळी, हातातलं कडं काढायलाच लावा. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली चालत नाही. यावरून पालक रुसतात, पण अडून राहा.

बदली खेळाडू पुन्हा उतरवता येतो का, सामना किती मिनिटांचा, हे लीगगणिक बदलतं. आयोजकांकडून लेखी घ्या.

डोक्याला मार लागून पोरगं भांबावलं, तर लगेच बाहेर काढून डॉक्टरांना दाखवा. 'बरा आहे मी सर' म्हणालं तरी त्या दिवशी परत उतरवू नका, मग फायनल का असेना.