ओझे उचलण्याआधी

कामावर नव्याने रुजू झालेल्या माणसाला आपण किती वजन उचलू शकतो हे दाखवून देण्याची घाई असते. मलाही होती, आणि माझी कंबर धरली ती सर्वांत जड खोके उचलताना नव्हे, तर पाळी संपता संपता वाकून, अंगाला पीळ देत एक हलकी पेटी उचलताना. म्हणून वजनाइतकेच अंतराकडे लक्ष द्या. ओझे शरीरापासून जितके लांब, तितका कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब अधिक. ते पोटाशी धरा, आणि वळायचे असेल तेव्हा कंबर न पिळता पावले वळवा. अमेरिकेतील 'नायोश' ही कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था अगदी आदर्श परिस्थितीतही २३ किलोची मर्यादा सुचवते, आणि आपल्या कामातली परिस्थिती आदर्श क्वचितच असते. कमरेच्या पट्ट्यावर फारसे विसंबू नका. कंबर धरलीच, तर अंथरुणाला खिळण्यापेक्षा झेपेल तितके हिंडते-फिरते राहिल्याने बहुधा लवकर आराम पडतो. मात्र पायातली शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.