व्हेरिकोज व्हेन्ससाठी लेझर, आरएफए, ग्लू की फोम? मोज्यांवर भागेल का?

साताऱ्यात तुमचं किराणा दुकान, दिवसभर उभं राहणं, संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात आणि घरचे म्हणतात, घट्ट दाबाचे मोजे घाला, शिरा जाळून घेऊ नका. तुम्ही विचारलंय, पायाच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) बंद करायला लेझर, आरएफए, ग्लू, फोम यातलं काय घ्यावं; पण मी अडकले ती घरच्यांच्या वाक्यावर. आमच्या घरात हेच वाक्य नऊ वर्षं चाललं आणि आईच्या पायानं ते सोसलं.

आम्ही सांगलीचे. आईची घरगुती भडंगाची भट्टी होती. पहाटे सहाला कढई चढायची ती दुपारपर्यंत उतरायची नाही, आणि चुरमुरे परतायचं काम बसून होत नाही. धाकट्या भावाच्या वेळी तिच्या शिरा उठल्या त्या बसल्याच नाहीत. पुढं डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली, खाज सुटली, खाजवून फुटली. जखम आधी रुपयाएवढी होती, मग पुरीएवढी झाली. पट्टी वाळून चिकटायची. मी कोमट पाणी सोडत सोडत ती सोडवायचे आणि आई चुरमुऱ्याच्या पोत्यावर पाय ठेवून शेंगदाणे निवडत राहायची. एकदाही हाय म्हणाली नाही.

ऑपरेशनचा विषय निघाला की थोरले काका आडवे. "शीर मारली की पाय वाळतो. आणि उद्या बायपासची वेळ आली तर शीर आणणार कुठून?" काकांची स्वतःची बायपास झालेली, त्यामुळं त्यांच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही.

मधे एका डॉक्टरांनी फोमची इंजेक्शनं दिली. वरून दिसणाऱ्या निळ्या गाठींमध्येच दिली, उभं करून डॉपलर (शिरेतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) केलंच नाही. दीड वर्षात सगळं परत आलं आणि काकांना "मी म्हणत होतो ना" म्हणायला आयतं कारण मिळालं. दोष फोमचा नव्हता. पोलिडोकॅनॉलसारखं औषध हवेत घुसळून फेस करतात, तो शिरेत सोडला की आतलं अस्तर सुजून शीर बंद होते. वेड्यावाकड्या शिरांना, परत उठलेल्या शिरांना, वयस्कर माणसांना ते चांगलंच आहे. पण जांघेपासून खाली येणारी मुख्य शीर गळत असेल तर नुसत्या गाठी बुजवून काय होणार? वरचा नळ चालूच!

शेवटी मी आईला मिरजेला नेलं, काकांना न सांगता. तिथल्या डॉक्टरांनी तिला स्टुलावर उभं केलं, पोटरी दाबून सोडली, आणि मशीनमधून सुर्रर्र आवाज आला. रक्त वर जायच्या ऐवजी खाली परत येत होतं. जांघेतली झडप गेली होती. नऊ वर्षांचं दुखणं त्या चार सेकंदांत ऐकू आलं.

तिची आरएफए केली, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेनं शीर आतून बंद केली. गुडघ्याजवळ एक सुई, तिथून बारीक नळी जांघेपर्यंत, शिरेभोवती बधिर करणारं पाणी भरायचं, मग नळीचं टोक १२० अंशांपर्यंत तापतं. साधारण ७ सेंटिमीटरचा तुकडा २० सेकंदांत बंद, मग नळी थोडी खाली ओढायची. आई जागीच होती. नंतर म्हणाली, "मशीन वीस मोजायचं, मी पण मोजत होते." तिला दुखलं ते बधिर करायच्या इंजेक्शनांचं, जाळल्याचं नाही. संध्याकाळी चालत घरी आली. अडीच महिन्यांत जखम भरली. इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या एव्हरा अभ्यासात (२०१८) हेच दिसलं: शीर लवकर बंद केली तर जखम साधारण ५६ दिवसांत भरते, थांबून राहिलं तर ८२ दिवस लागतात. आणि आम्ही नऊ वर्षं घालवली.

आता तुमचा प्रश्न. लेझरनंही शीर आतून तापवूनच बंद करतात; त्यात आणि आरएफएत शीर बंद होण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. जुन्या ८१० किंवा ९८० नॅनोमीटरच्या लेझरनं दुखणं आणि काळंनिळं पडणं जास्त असायचं, १४७० च्या लेझरनं ते बरंच कमी झालंय. डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते करा. ग्लू म्हणजे शीर आतून चिकटवून टाकायची. त्यात उष्णता नाही, ती बधिर करायची इंजेक्शनं नाहीत, मोजेही बहुधा लागत नाहीत. पण तो गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, अंगात कायमचा राहतो, काहींना शिरेच्या रेषेवर लालसर खाज उठते, आणि महाग पडतं. चिकटपट्टीनंसुद्धा अंगावर उठत असेल तर ग्लूच्या वाटेला जाऊ नका. मुख्य शिरेसाठी एकटा फोम मी घेणार नाही. ब्रिटनमधल्या 'क्लास' नावाच्या अभ्यासात पाच वर्षांनी तो लेझर आणि ऑपरेशन दोन्हींच्या मागं पडला. आणि मोज्यांनी पाय हलका वाटतो, झडप दुरुस्त होत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१३ मध्येच सांगितलंय की दुसरा उपचार शक्य असताना नुसते मोजे देऊ नका.

काकांना मी तेव्हा काही बोलले नाही, इथं बोलते. काका, तुमच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाक्यांची रेघ आहे. बायपाससाठी तिथली धडधाकट शीर काढून तुमच्या हृदयाला लावली. तुमचा पाय वाळला का? रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन येता. पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतूनच वर जातं. आणि आईची ती फुगून पिळा पडलेली शीर कुठल्याही सर्जननं बायपासला घेतली नसती.

एका ठिकाणी मात्र काकांचं म्हणणं खरं ठरतं. आधी खोल शिरेत गाठ झाली असेल आणि ती वाट बंद असेल, तर वरची शीर हीच रक्ताची वाट असू शकते. तेव्हा ती बंद करणं धोक्याचं, म्हणून डॉपलरमध्ये खोल शिराही बघून घ्या. साखर असेल, तंबाखू किंवा बिडी असेल, तर घट्ट मोजे घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासा. आणि कुठलाही उपचार केला तरी काही वर्षांनी नव्या शिरा उठू शकतात, हे धरून चाला. मेडिक्लेम असेल तर मंजुरी आधी घ्या, त्यात नळीचा किंवा ग्लूचा खर्च धरलाय का ते लेखी मागा.

डॉपलर उभं राहूनच करा. आणि मोज्यांचा आग्रह धरणारं घरातलं जे कोणी असेल, त्यांना त्या खोलीत सोबत घेऊन जा. तो सुर्रर्र आवाज त्यांनाही ऐकू दे. मी काकांना नेलं नाही, ते चुकलं.