मुंबई लोकलने फिरता फिरता चित्रं-शिल्पं बघायची असतील तर कुठल्या बाजूला बसावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून एका दिवसासाठी येताय, गॅलरी वगैरे नको, लोकलच्या खिडकीतून जी भित्तिचित्रं दिसतात म्हणे ती बघायचीत, तर डावीकडे बसू की उजवीकडे. मी डोंबिवलीची, रोज फोर्टला कामाला, त्यामुळे हक्काने सांगते, खिडकीचा हट्ट आधी सोडा. खिडकीतून दिसतात त्या बंगाली बाबांच्या जाहिराती, निळ्या ताडपत्र्या आणि ट्रॅककडेची पालेभाजी. बघण्यासारखं जे आहे ते उतरल्यावर आहे, आणि त्यातलंही बरंचसं डोक्याच्या वर, म्हणून कोणी बघत नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे तुळशी पाईप रोडची भिंत (सेनापती बापट मार्ग हो, पण तसं म्हटलं तर टॅक्सीवाला दोनदा विचारतो). दादर ते माहीम वेस्टर्नच्या ट्रॅकला लागून ही लांबलचक भिंत जाते. २००९ च्या ऑगस्टमध्ये 'द वॉल प्रोजेक्ट' वाल्यांनी पालिकेच्या परवानगीने ती लोकांना रंगवायला मोकळी करून दिली, कोणीही या, आपला तुकडा घ्या, रंगवा. शेकडो लोक आले, आर्ट कॉलेजची पोरं होती तशी आयुष्यात कधी ब्रश न धरलेली माणसंही होती. पण गंमत अशी की ही चित्रं रस्त्याच्या बाजूला, लोकलमधून दिसते ती भिंतीची पाठ! वर्षानुवर्षं त्या भिंतीच्या पलीकडून अपडाऊन करणारे लोक मला माहितीयेत ज्यांना पुढच्या बाजूला काय आहे याचा पत्ता नाही. बघायचं तर माटुंगा रोडला वेस्टला उतरा आणि माहीमच्या दिशेने चालत सुटा. तेव्हाची मूळ चित्रं आता शोधावी लागतील, एकावर एक इतके थर चढलेत, पण ती भिंत तशीच बघायची असते, कोणाचं तरी अर्धं मांजर, त्यावर कुठल्या तरी सरकारी मोहिमेचं घोषवाक्य, त्यावर पानाची पिंक.

बरं, आता तुमचा दिवस. पुण्याहून येणारी गाडी दादरला सोडा आणि सेंट्रलची सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडून भायखळ्याला उतरा. स्टेशनच बघा आधी, दगडी इमारत १८५७ ची आहे, अलीकडे नीट दुरुस्त केली आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा पुरस्कार मिळाला. मग ईस्टला बाहेर पडून राणीच्या बागेकडे चाला. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, त्याच्या आवारातला दगडी हत्ती बघा. हा मूळ घारापुरीचा, ज्याच्यामुळे त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले तो हाच. १८६४ मध्ये साहेबाला तो इंग्लंडला न्यायचा होता, उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, ते नंतर जोडून हत्ती उभा केलाय म्हणून आज आपल्याकडे आहे. त्या क्रेनचं मंदिर बांधायला पाहिजे खरं तर.

आणि तिथंच आवारात काळा घोडा आहे. म्हणजे खरा काळा घोडा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला, तो १९६५ मध्ये इथं आणून ठेवलाय. फोर्टात काळा घोडा नावाच्या जागी घोडाच नव्हता कितीतरी वर्षं, २०१७ मध्ये नवा बसवला, त्याच्या पाठीवर कोणी नाही, जे मला जाम आवडलं. (बुधवारी राणीची बाग बंद असते, तो वार टाळा.)

परत लोकल, सीएसएमटी. इथं घाई करू नका. सगळे समोरून एक सेल्फी काढतात आणि सुटतात. १८७८ ला काम सुरू झालं, आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, हे सगळीकडे लिहिलेलं असतंच. पण त्या इमारतीवरचं कोरीव काम बरंचसं जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय हे फार थोड्यांना माहीत असतं. आधी आत जा, लोकलच्या तिकीट हॉलमध्ये, ज्याला स्टार चेंबर म्हणतात कारण छतावर चांदण्या आहेत. खिडक्यांची रांग सोडा आणि एकच खांब निवडा. खाली गुळगुळीत पॉलिश केलेला दगड, लोकांनी टेकून टेकून अजून गुळगुळीत केलेला, आणि वर जिथं खांब संपतो तिथं दगडी पानं, ती पानं अशी खोल कोरलीत की मध्ये काळोख साठतो, आणि नीट बघितलं की त्यातून एखादं तोंड बाहेर येतं. माझा भाचा असाच मान वर करून माकड शोधत उभा राहिला तर मागच्या रांगेतले एक काका ओरडले, "ए बाळा, तिकीट खालीच मिळतं, वर नाही." मग आम्ही त्यांनाही दाखवलं. बघितलं त्यांनी, आणि त्यांची गाडी गेली.

बाहेर येऊन पालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहा. गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींमध्ये चेहरे आहेत, त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि आपले नाना शंकरशेट शोधा. घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा दिसेल, तिथं व्हिक्टोरिया राणी होती, स्वातंत्र्यानंतर काढली. आणि सगळ्यात वर घुमटावर एक बाई, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती 'प्रगती'. तिला लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

तिथून क्रॉफर्ड मार्केट पाच-दहा मिनिटं. दारांवरच्या कमानीत संगमरवरी कोरीव पट्ट्या आहेत, शेतमाल आणि कष्टकरी माणसं, ही लॉकवुड किपलिंगची, म्हणजे रडयार्ड किपलिंगचे वडील, जेजेत शिकवायचे. जेजे समोरच आहे. आणि एक गोष्ट मला नेहमी भारी वाटते, सीएसएमटीचं काम चालू असताना, १८८५ मध्ये, त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा जेजेत ड्रॉइंग शिकायला आला, तो म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांचं पुढे येतंच.

आता चालत चर्चगेटला या. वाटेत हुतात्मा चौक लागतो, एका बाजूला १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्राचे. रोमन देवी आणि आपला शेतकरी एकाच चौकात, आणि दोघांच्या मधून बेस्टच्या बस. चर्चगेट स्टेशनच्या भिंतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने गांधीजी काढलेत, त्याच्या नेहमीच्या रंगीत चौकोन-त्रिकोणांत, तो सगळ्यांना दिसतो कारण मोठा आहे. तुम्ही मात्र पाठ फिरवून समोरची वेस्टर्न रेल्वेच्या हेडऑफिसची जुनी इमारत बघा, १८९९ ची, आर्किटेक्ट तोच स्टीव्हन्स. वर कोण उभं आहे? परत एक बाई, आणि तिच्या हातात रेल्वेचं इंजिन! दोन वेगवेगळ्या रेल्वे कंपन्या, दोघींचं एकमेकींशी काही जमायचं नाही, पण आर्किटेक्ट एकच आणि दोघींच्या डोक्यावर एकेक बाई चाकं-इंजिनं घेऊन उभी. हे स्वतः बघितल्याशिवाय मजा कळणार नाही.

मग चर्चगेटहून स्लो पकडा, माटुंगा रोडला भिंत करा आणि पुढे बांद्रा. रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या बिल्डिंगवर रणजित दहिया या चित्रकाराने २०१४ मध्ये फाळके काढले, आख्ख्या इमारतीएवढे. हे लोकलमधून दिसत नाही, वेस्टला उतरून रिक्षा करावी लागते. चॅपल रोडच्या गल्ल्यांमध्येही त्याची आणि इतरांची चित्रं आहेत. फक्त निघण्याआधी मॅपवर अलीकडचे फोटो बघून घ्या, कारण बांद्र्यात आज भिंत आहे तिथं उद्या टॉवर असतो.

स्टेशनांवरच्या पेंटिंगबद्दलही विचारलंय तुम्ही. २०१६ मध्ये 'हमारा स्टेशन हमारी शान' म्हणून मोहीम झाली, व्हॉलंटियर लोकांनी बरीच स्टेशनं रंगवली, तेव्हापासून दर स्टेशनला काहीतरी रंगवलेलं असतंच. माझं प्रामाणिक मत, त्यातलं निम्मं म्हणजे वारलीची कॉपी-पेस्ट. गेरूचा रंग मारायचा, पांढरे त्रिकोण काढायचे, झाली वारली. एका स्टेशनच्या जिन्याखाली तारपा नाच काढलाय (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य), वाजवणारा मध्ये आणि नाचणारे सगळे त्याच्याकडे पाठ करून! वारली माणूस तारप्याला पाठ दाखवत नाही, नाच तारपेवाल्याच्या मागे मागे गोल फिरतो. ज्याने काढलं त्याने नाच कधी बघितला नसणार, स्टेन्सिल बघितलं असणार. त्यापेक्षा थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात लावलेल्या देवांच्या टाइल्स मला जास्त खऱ्या वाटतात, निदान त्यांचं काम त्या करतात.

खरी वारली बघायची तर ती पण लोकलनेच जमते, २०१३ पासून वेस्टर्नच्या लोकल डहाणू रोडपर्यंत जातात. जिव्या सोमा मशे, ज्यांनी वारली जगभर नेली आणि ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते डहाणूजवळच्या गंजाडचे. पण ते याच दिवसात कोंबू नका, वेगळा दिवस ठेवा, विरारच्या पुढे लोकल फार कमी आहेत, परतीची वेळ आधी बघूनच निघा.

बाकी, रविवारी येणार असाल तर मेगाब्लॉक चेक करा. टुरिस्ट पास घ्या, सारखं चढउतार करायचंय. सकाळी अकराच्या आधी सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी पाचनंतर उलट बाजूला जाऊ नका, मान वर करायची सोडा, हात वर करायला जागा मिळणार नाही. मोबाईलने फोटो काढलात तर सहसा कोणी काही म्हणत नाही, ट्रायपॉड उघडलात की आरपीएफवाला (रेल्वेचा सुरक्षा जवान) आलाच समजा.

आणि हां, तरीही खिडकी पाहिजेच असेल तर सीएसएमटीला जाताना डावी-उजवी कुठलीही, दुपारी बाराच्या लोकलला सगळ्या रिकाम्या असतात.